रेडिएटरचें झाकण

जुन्या मोटारीचे महत्त्वाचे भाग कोणते असें विचारलें, तर रेडिएटरच्या झाकणाचें नांव सहसा कोणी घेणार नाहीं. तें हरवलें कीं दुकानांत जें बसेल तें घ्यावें, अशी पुष्कळांची समजूत असते. ही समजूत महागांत पडते. आणि कां पडते हें कळण्यास या झाकणाचा इतिहासच पाहिला पाहिजे.

१९०८ सालीं निघालेल्या फोर्डच्या 'मॉडेल टी' गाडींत, अगदीं आरंभींच्या थोड्या गाड्या सोडल्या तर, पाणी फिरविण्यास पंप नव्हता. तापलेलें पाणी हलकें होऊन वर चढे आणि रेडिएटरांत निवून खालीं उतरे. झाकण म्हणजे आट्यांचें साधें बूच. जादा वाफ उघड्या नळीनें बाहेर जाई. आंत दाब असा नव्हताच. म्हणूनच या झाकणाचा अलंकार करणें लोकांस सुचलें. रोल्स-रॉइसच्या झाकणावर १९११ पासून शिल्पकार चार्ल्स साइक्स यांनीं घडविलेली स्त्रीमूर्ति उभी राहिली. लवकरच अमेरिकेंत 'मोटोमीटर' हा उष्णतामापक झाकणांतच बसविण्यांत येऊं लागला व चालकास बसल्या जागीं पाण्याची प्रकृति कळूं लागली.

जनरल मोटर्सनें १९२८ सालीं मुंबईंत मोटारी जुळविण्यास आरंभ केला. त्या काळच्या गाड्यांस घाट म्हणजे कसोटीच! महाबळेश्वर सुमारें ४,५०० फूट उंच. तेथें हवेचा दाब कमी, म्हणून पाणी सुमारें ९५ अंश सेंटिग्रेडलाच उकळतें. यावरील उपाय शास्त्रास जुनाच ठाऊक होता. डेनिस पापिन यानें १६७९ सालीं लंडनच्या रॉयल सोसायटीस आपलें झाकणबंद भांडें दाखविलें होतें. वाफ कोंडली कीं पाणी उशिरां उकळतें. मोटारींत हें तत्त्व रुळलें तें दुसऱ्या महायुद्धाच्या आगेंमागें. झाकणाखालीं स्प्रिंगची झडप आली. दर चौरस इंचास ७ पौंड दाब राखला, तर समुद्रसपाटीवर पाणी सुमारें १११ अंशांपर्यंत उकळत नाहीं.

पुढें गाड्यांगणिक आंकडे वेगळे झाले. इंग्रजी झाकणांवर ४, ७, १०, १३ असे आंकडे ठोकलेले आढळतात. येथेंच घोटाळा होतो. जादा आंकडा म्हणजे जादा चांगला माल, असें समजून ७ च्या जागीं १३ चें झाकण बसवितात. पण एका चौरस फुटावर ७ च्या हिशेबानें १,००८ पौंडांचा भार पडतो, तर १३ च्या हिशेबानें १,८७२ पौंडांचा! जुन्या रेडिएटरचे कथिलाच्या डागानें जोडलेले सांधे आणि वाळलेल्या रबरी नळ्या तो कशा सोसणार? तेव्हां आंकडा गाडीच्या मूळ पुस्तकांतून घ्यावा, दुकानदाराच्या तोंडून नव्हे.

आंकडा जुळला तरी खोली पाहावी लागते. रेडिएटरच्या तोंडापासून आंतल्या बैठकीपर्यंतचें अंतर कांहीं गाड्यांत पाऊण इंच, कांहींत एक इंच असतें. आंखूड झाकण खोल तोंडावर घट्ट बसल्यासारखें वाटतें खरें, पण त्याची झडप बैठकीस टेकतच नाहीं. दाब मुळींच राहत नाहीं आणि घाटांत पाणी नळीवाटे निघून जातें. वरून पाहणारास दोन्हीं झाकणें जुळीं दिसतात! जुनें झाकण हातीं असल्यास पट्टीनें मोजून पाहावें.

झाकणाच्या मध्यभागीं आणखी एक इवलीशी झडप असते, ती उलट्या दिशेनें उघडते. इंजिन निवालें म्हणजे पाणी आकसतें व ती हवा आंत घेते. सकाळीं रबरी नळी चपटी झालेली दिसली, तर प्रथम हीच झडप अडकली आहे काय तें बोटानें उचलून पाहावें. अर्थात् गाडी पूर्ण थंड असतांनाच.