कॅराव्हॅनने ग्वाल्हेर : निघण्याआधी एवढं बघून घ्या

पांढुर्णा : नागपूर-इटारसी मार्गाने दिल्लीकडे जाणाऱ्या कितीतरी रेल्वेगाड्या ग्वाल्हेरला थांबतात. मग एवढी मोठी गाडी कशाला, असं मला आमच्या शेजाऱ्यांनी विचारलं. प्रश्न बरोबर आहे. दोघं धडधाकट नवरा-बायको असतील तर रेल्वेच बरी, स्वस्तही पडते. पण माझी आई ७४ वर्षांची, गुडघे गेलेले, आणि दर दीड-दोन तासांनी बाथरूम लागतं. मावशी वरुडची, तिला शुगर आहे, जेवणाची वेळ चुकवून चालत नाही. दोघींना झाशीच्या राणीची समाधी बघायची होती. आईची अट एकच, "बाथरूमची सोय असेल तर येते, नाहीतर तुम्ही जाऊन या."

अशी मंडळी घरात असतील तर कॅराव्हॅनचा, म्हणजे झोपायला जागा, छोटा ओटा आणि संडास असलेल्या गाडीचा, विचार करायला हरकत नाही. महाराष्ट्राने २०२१ साली कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणल्यापासून आपल्या भागातही अशा गाड्यांची चौकशी वाढली आहे. मात्र दोन राज्यं ओलांडायची म्हटलं की सगळ्यात आधी कागद बघावे लागतात.

आधी नंबर प्लेट, मग गाद्या

आमची पहिली ट्रिप बैतूलच्या पुढे गेलीच नाही. ज्याच्याकडून गाडी घेतली त्याने फोटोत गाद्या, पडदे, टीव्ही, सगळं दाखवलं. गाडीची प्लेट पांढरी होती, ते माझ्याही लक्षात आलं नाही. मी कॉमर्सचा माणूस, आयुष्य पावत्या तपासण्यात गेलं, आणि नेमकं हेच तपासलं नाही. तपासणीत कळलं की गाडी खासगी नोंदणीची आहे, आतला संडास आणि ओटा मालकाने स्वतःच्या हिशेबाने बसवून घेतलेला, नोंदणी पुस्तकात त्याचा पत्ताच नाही. सहा तास रस्त्याच्या कडेला गेले. आई काही बोलली नाही, हेच जास्त लागलं.

म्हणून सांगतो. भाड्याने घ्यायची गाडी व्यावसायिक नोंदणीचीच हवी. चालकासह देतात ती पिवळ्या प्लेटवर काळे आकडे, आणि स्वतः चालवायला देतात ती काळ्या प्लेटवर पिवळे आकडे. चालकासह गाडीला अखिल भारतीय पर्यटक परवाना आहे का ते विचारा. २०२३ च्या नियमांप्रमाणे तो ऑनलाइन मिळतो आणि असला की प्रत्येक राज्याचा वेगळा कर भरत बसावं लागत नाही. परवान्याशिवाय प्रवासी वाहतूक पकडली गेली तर पहिल्याच वेळी दंड १०,००० रुपये आहे, शिवाय गाडी अडकते ती वेगळी. नोंदणी पुस्तकात वाहनाचा प्रकार काय लिहिलाय तेही वाचा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीने दिलेल्या मूळ रचनेत मनाने फेरफार करता येत नाहीत, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हे स्पष्ट केलं आहे. अपघात झाला तर विमा कंपनी पहिला प्रश्न याच फेरफाराचा काढते.

स्वतः चालवणार असाल तर एक दिलासा आहे. नोव्हेंबर २०२४ च्या निकालानुसार ७,५०० किलोपर्यंत वजनाची गाडी, ती व्यावसायिक असली तरी, हलक्या वाहनाच्या साध्या लायसन्सवर चालवता येते. वजन पुस्तकात असतं.

आणि गॅस. घरचा लाल सिलिंडर उचलून गाडीत ठेवायचा नाही. गाडीतली गॅसची जोडणी मंजूर असेल तर ठीक, नाहीतर इंडक्शन न्या आणि मुक्कामी वीज घ्या.

कोणत्या रस्त्याने?

आपल्याकडून दोन रस्ते आहेत. पांढुर्णा, मुलताई, बैतूलकडच्या लोकांनी बैतूलपासून राष्ट्रीय महामार्ग ४६ धरावा. भोपाळ, ब्यावरा, गुणा, शिवपुरी करत तो थेट ग्वाल्हेरला पोचतो, आणि पूर्ण रस्ता मध्य प्रदेशातच राहतो. पांढुर्ण्याहून अंतर सातशेच्या घरात. बैतूलपुढच्या बरेठा घाटात ट्रक अडकला की तासन् तास जातात, तो घाट सकाळी लवकर उतरून घ्या.

नागपूर, सिवनीकडच्यांना महामार्ग ४४ सरळ पडतो : सिवनी, लखनादौन, नरसिंहपूर, सागर, ललितपूर, झाशी, ग्वाल्हेर. साधारण साडेसहाशे किलोमीटर. रस्ता सुंदर आहे, वाटेत झाशीचा किल्लाही होतो. पण ललितपूर-झाशी म्हणजे उत्तर प्रदेश. तिथे परवाना नसेल तर तिसऱ्या राज्याचाही कर अंगावर येतो. धुळे, जळगावकडच्या वाचकांनी जुना मुंबई-आग्रा रोड धरावा, तो सेंधवा, इंदूरवरून ब्यावऱ्याला याच ४६ ला मिळतो.

एका दिवसात हे अंतर मारायचं नाही. आम्ही दुसऱ्या वेळी पहिला मुक्काम भोपाळच्या अलीकडे भीमबेटकाच्या बाजूला केला, दुसरा शिवपुरीला. शिवपुरी ही शिंद्यांची उन्हाळ्याची राजधानी. माधवराव शिंदे आणि त्यांच्या मातोश्री सख्याराजे यांच्या छत्र्या इथे समोरासमोर आहेत, जमीन सपाट, म्हाताऱ्या माणसांना चालायला सोपी. येवल्याच्या तात्या टोप्यांना १८ एप्रिल १८५९ रोजी फाशी दिली ती याच गावात. पर्यटन महामंडळाचं टूरिस्ट व्हिलेज इथे आहे. फोन करून गाडी लावायची आणि वीज घ्यायची परवानगी आधीच मागून ठेवा. पुढे ग्वाल्हेर सव्वाशे किलोमीटरसुद्धा नाही.

हिशेब

भाडं बहुतेक दिवसावर असतं आणि रोजच्या किलोमीटरची मर्यादा असते. समजा रोज २५० किलोमीटरची मर्यादा आहे. जाऊन-येऊन १,४०० आणि वरचे ५० धरले तर १,४५० किलोमीटर होतात. पाच दिवसांत मर्यादा १,२५० ची, म्हणजे २०० किलोमीटरचे जादा पैसे. सहा दिवसांत १,५०० ची, म्हणजे जादा काही नाही, पण एका दिवसाचं भाडं वाढतं. दोन्ही आकडे मालकाकडून लिहून घ्या आणि मग ठरवा. गाडी लिटरला १० किलोमीटर देते असं धरलं तर डिझेल १४५ लिटर लागेल. टोल वेगळा.

लोक एक गोष्ट विसरतात. ग्वाल्हेरात दोन दिवस गाडी उभी राहणार आणि उभी गाडीही रोजचं भाडं खाते. म्हणून चौघांपेक्षा कमी माणसं असतील तर हा हिशेब जमत नाही, हे माझं स्पष्ट मत आहे.

शहरात गाडी उभी, माणसं रिक्षात

ग्वाल्हेर म्हणजे तीन गावं. किल्ल्याखालचं जुनं ग्वाल्हेर, मुरार आणि लष्कर. दौलतराव शिंद्यांनी १८१० साली आपली छावणी इथे आणली, तंबूंच्या जागी हळूहळू वाडे झाले, आणि गावाचं नाव लष्करच राहिलं. त्याआधी ही छावणी म्हणजे फिरतं शहर होतं, बाजारासकट मुक्काम हलायचा. ब्रॉटन नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने १८०९ मधल्या या छावणीवर पत्रांचं आख्खं पुस्तक लिहिलंय. थोडक्यात, चाकांवर संसार घेऊन ग्वाल्हेरला जाणारे आपण पहिले मराठी नाही.

पण त्या छावणीतून झालेल्या गल्ल्या आजच्या गाडीला पुरत नाहीत. आम्ही महाराज बाड्याजवळ दौलतगंजच्या बाजूला वळलो आणि फसलो. मागे येताना दोन स्कूटरवाले, एक भाजीवाला आणि एक गाय यांची परवानगी घ्यावी लागली. एका म्हाताऱ्या गृहस्थांनी आमचं बोलणं ऐकून स्वच्छ मराठीत विचारलं, "कुठले तुम्ही?" आणि स्वतः पुढे उभं राहून गाडी काढून दिली. (बाडा म्हणजे आपला वाडाच. आसपास दारांवर मराठी आडनावं अजून दिसतात.)

तेव्हा गाडी एका ठिकाणी लावा आणि हलवूच नका. स्टेशनजवळ गांधी रोडवर पर्यटन महामंडळाचं तानसेन रेसिडेन्सी आहे. एक खोली घ्या, गाडी आवारात लावू देतील का ते आधी विचारा. एक खोली घेतली की आंघोळीचं पाणी, वीज, सगळं सुटतं. गाडीची उंची फुटात मोजून चालकासमोर चिठ्ठी चिकटवा, रेल्वेखालच्या बोगद्यांपाशी ती कामाला येते. मैल्याची टाकी नाल्यात रिकामी करू नका. पेट्रोल पंपावर किंवा सार्वजनिक शौचालयात विचारून, पैसे देऊन करा.

किल्ल्यावर कॅराव्हॅन नेण्याचा विचारही नको. गाड्या पश्चिमेच्या उरवाई दरवाज्याने चढतात, तो रस्ता अरुंद आणि चढाचा. छोटी टॅक्सी करा. वाटेत पंधराव्या शतकातल्या तीर्थंकरांच्या प्रचंड मूर्ती कड्यात कोरलेल्या आहेत, त्या आईने गाडीत बसूनच बघितल्या. वर मानसिंह तोमराचा मान मंदिर महाल, तेली मंदिर, सासबहू मंदिर. थकलेल्यांनी मान मंदिर बाहेरून बघितला तरी चालेल. भिंतीवरची निळी फरशी आणि बदकांची रांग बाहेरूनच दिसते, तळघरांच्या पायऱ्या गुडघ्यांना झेपत नाहीत.

तरुण मंडळींनी मात्र उतरताना पूर्वेच्या पायवाटेने हाथी पोलमधून चालत यावं. त्या वाटेवर दगडात कोरलेलं छोटं चतुर्भुज मंदिर आहे. तिथल्या ८७६ सालच्या शिलालेखात २७० हात लांबीची बाग आणि रोजच्या ५० माळा असे आकडे आहेत, आणि त्यातलं शून्य आजच्यासारखंच गोल आहे. आयुष्यभर वह्यांमध्ये शून्यं लिहिली, तिथे पाच मिनिटं उभा राहिलो. खाली गुजरी महालापाशी पोचेपर्यंत टॅक्सी म्हाताऱ्या मंडळींना घेऊन फिरून येते.

जयविलास महालातल्या संग्रहालयाला अर्धा दिवस ठेवा. महाल १८७४ चा. दरबार हॉलची झुंबरं प्रत्येकी साडेतीन टनांची, छत ती पेलेल का हे बघायला आधी हत्ती वर चढवले होते म्हणतात. २०२२ पासून तिथे मराठ्यांच्या इतिहासाचं दालनही आहे. साप्ताहिक सुट्ट्या प्रत्येक ठिकाणच्या वेगळ्या, फोन करूनच दिवस ठरवा.

राणीची समाधी फूलबागेजवळ आहे, रस्त्याला लागून. जून १८५८ मध्ये राणी ग्वाल्हेरच्या लढाईत पडली. आई आणि मावशी तिथे पाऊण तास बसल्या. मावशीने पिशवीतून संत्री काढली, एक समाधीपुढे ठेवलं.

कधी जावं

मे महिना नको. पारा ४५ च्या वर जातो आणि उभ्या गाडीचा एसी रात्रभर चालत नाही. डिसेंबरअखेर ते जानेवारी धुकं असतं, पहाटे महामार्गावर निघू नका. मात्र डिसेंबरातच तानसेन समारोह होतो, ज्याची सुरुवात ढोलीबुवा मठाच्या हरिकथेने करण्याची प्रथा आहे. तेवढ्यासाठी थंडी सोसायची तयारी असेल तर जरूर जा. याच दिवसांत १९०५ पासूनचा व्यापार मेळाही सुरू होतो, तेव्हा मुक्कामाची जागा महिनाभर आधी पक्की करा. आमच्यासारख्यांना नोव्हेंबर किंवा फेब्रुवारी बरा.

गाडी ताब्यात घेताना आणि परत देताना मोबाईलवर चारही बाजूंचा, छताचा आणि किलोमीटर काट्याचा व्हिडिओ काढा, मालकाला तिथेच पाठवा. पाण्याची टाकी, बॅटरी आणि संडासाचा पंप त्याच्यासमोर चालवून बघा. अनामत रकमेची पावती मागा, आणि ती किती दिवसांत परत मिळणार ते त्याच पावतीवर लिहून घ्या.