जमिनीतलं उष्णतेचं खातं

जमिनीतली उष्णता म्हटलं की आपल्याला वज्रेश्वरीची नाहीतर मणिकरणची गरम पाण्याची कुंडं आठवतात. आजची गोष्ट त्यांची नाही. ती आहे पायाखालच्या साध्या जमिनीची. थंडीत विहिरीचं पाणी कोमट लागतं, हे आपल्या आज्यांना ठाऊक होतं. काही मीटर खाली गेलं की जमिनीचं तापमान वर्षभर जवळपास एकच राहतं, आणि ते त्या गावाच्या वार्षिक सरासरी तापमानाच्या आसपास असतं. बर्लिनला साधारण १०, दिल्लीला २५, मुंबईला २७ अंश. हे तीन आकडे लक्षात ठेवा.

गंमत अशी की या इतिहासाची सुरुवात उकाड्यापासून होते. १८५०च्या सुमारास पियाझी स्मिथ हा ब्रिटिश खगोलशास्त्रज्ञ उष्ण देशांतल्या खोल्या थंड करायचं यंत्र सुचवत होता. उष्ण देश म्हटलं की तेव्हाच्या साहेबाच्या डोळ्यांपुढे आधी हिंदुस्थान यायचा, हे वेगळं सांगायला नको. १८५२ मध्ये ग्लासगोच्या विल्यम थॉमसननं, म्हणजे पुढच्या लॉर्ड केल्विननं, दाखवून दिलं की अशाच यंत्रानं इमारत थंड करता येते आणि बाहेरची उष्णता आत ओढून उबदारही करता येते. आज आपण त्याला हीट पंप म्हणतो. फ्रिजच्या मागे हात लावून पाहा. आतली उष्णता तिथे बाहेर पडत असते.

पण कल्पना रुजली ती थंड देशांत. उष्णता जमिनीतून घ्यायचं पेटंट १९१२ मध्ये स्वित्झर्लंडच्या हाइनरिश झोलीनं घेतलं. १९३८ मध्ये झुरिकच्या जुन्या नगरभवनात लिमाट नदीच्या पाण्यावर चालणारा हीट पंप बसला.

मला सगळ्यात शिकण्यासारखी वाटते ती बर्लिनची संसद. १८९४च्या राइशटागच्या जुन्या भिंतींच्या आत नॉर्मन फॉस्टर यांनी जवळजवळ नवीच इमारत उभी केली. १९९९ मध्ये ती खुली झाली. लोक तिचा काचेचा घुमट पाहायला जातात. खरी करामत जमिनीखाली आहे. तिथे वनस्पती तेलावर वीज तयार होते. उन्हाळ्यात त्यातून उरलेली उष्णता सुमारे ३०० मीटर खोल, खाऱ्या पाण्याच्या थरात साठवतात आणि हिवाळ्यात परत काढतात. हिवाळ्यातला गारवा सुमारे ६० मीटरवरच्या दुसऱ्या थरात ठेवतात, तो उन्हाळ्यात कामी येतो. बँकेतल्या खात्यासारखं आहे हे. एका ऋतूत भरायचं, दुसऱ्यात काढायचं.

आपल्याकडे हे जसंच्या तसं उचलायला निघालो, तर अडतं ते इथेच. मुंबईच्या इमारतीला बाराही महिने थंडावा हवा. म्हणजे जमिनीत उष्णता नुसती भरत राहायची, काढायची कधीच नाही. ३५ अंशांच्या हवेपेक्षा २७ अंशांची जमीन बरी, हे खरं. पण काही वर्षांत नळ्यांभोवतीची माती तापते आणि यंत्राचा फायदा आटत जातो. जमिनीखाली पाणी वाहतं असेल तर ते थोडी उष्णता वाहून नेतं, पण ते नशिबावर सोडता येत नाही.

उत्तरेत गणित वेगळं आहे. गुरुग्रामजवळ ग्वाल पहाडीला 'टेरी' संस्थेनं २००० साली 'रिट्रीट' हे निवासी प्रशिक्षण केंद्र बांधलं. तिथे हीट पंपही नाही. चार मीटर खोल, सत्तर मीटर लांबीच्या चार बोगद्यांतून हवा खोल्यांत येते. मे महिन्यात गार, जानेवारीत उबदार. खातं आपोआप जुळतं, कारण तिकडे खरी थंडी पडते. पावसाळ्यात मात्र हवेतला दमटपणा जमिनीनं जात नाही. त्यासाठी तिथे वेगळी यंत्रं लावावी लागली. कोकण किनाऱ्यावरच्या माणसाला हे वाक्य दोनदा वाचायला सांगेन.

मग दक्षिणेनं आणि किनारपट्टीनं हात टेकायचे का? मला तसं वाटत नाही. रुग्णालयं, वसतिगृहं, मोठी स्वयंपाकघरं यांना रोज गरम पाणी लागतं. खोल्यांतून काढलेली उष्णता आधी त्या पाण्यात घातली, तर जमिनीत भरायची शिल्लक कमी होते. निव्वळ कचेरीच्या इमारतीत ही सोय नाही, म्हणून पहिला प्रयोग जिल्हा रुग्णालयात व्हावा, सचिवालयात नको. आणि नळ्यांसाठीची भोकं पाया भरण्याआधी पाडावी लागतात. निविदा निघाली, पार्किंगचा आराखडा मंजूर झाला, मग कुणाला तरी हे आठवलं, तर यंत्र ठेवायला गच्चीच उरते.