पायथनमध्ये एकापेक्षा जास्त कन्स्ट्रक्टर हवे असतील तर?

समजा, नांदेडच्या नवा मोंढ्यातल्या किंवा लातूरच्या बाजार समितीतल्या एखाद्या आडत दुकानासाठी तुम्ही छोटं सॉफ्टवेअर करताय. सोयाबीनची आवक कधी क्विंटलमध्ये लिहायची, कधी काट्यावरच्या किलोमध्ये, कधी कट्टे मोजून. जावा शिकून आलेला माणूस लगेच म्हणेल, 'आवक' क्लासला तीन कन्स्ट्रक्टर लिहू.

पायथनमध्ये हे चालत नाही. त्रास म्हणजे लिहिताना एररही येत नाही. एका क्लासमध्ये इनिट दोनदा लिहिलं, की नंतरचं आधीच्याला पुसून टाकतं. क्लासमधली नावं आतून डिक्शनरीत साठवलेली असतात. त्याच नावाला दुसरी किंमत दिली की पहिली गेली.

सगळ्यांना आधी सुचतं ते म्हणजे प्रत्येक पॅरामीटरला नन ही डीफॉल्ट किंमत द्यायची आणि आत इफ-एल्सची रांग लावायची. दोन प्रकारांपर्यंत ठीक आहे. पण कोणी किलो आणि कट्टे दोन्ही दिले तर? ते तपासणं तुमच्याच गळ्यात.

त्यापेक्षा क्लासमेथड वापरा. इनिटमध्ये एकच रूप ठेवा, इथे किलो. बाकीच्यांना स्वतंत्र नावं द्या. आवक.क्विंटलवरून(२५) ही मेथड २५ ला १०० ने गुणते आणि सीएलएस(२५००) परत देते. आवक.कट्ट्यांवरून(४२, ६०) मध्ये कट्ट्यांची संख्या आणि एका कट्ट्याचं वजन. (पायथन ३ मध्ये देवनागरी नावं खरंच चालतात, कोडमधले अंक मात्र इंग्रजीच लागतात.) परत देताना क्लासचं नाव न लिहिता सीएलएस लिहा, उद्या 'तूरआवक' असा सबक्लास केला तर त्याचंच ऑब्जेक्ट मिळेल. पायथनच्या डेटटाइममधली फ्रॉमटाइमस्टॅम्प ही याच पद्धतीची आहे.

पायथन ३.८ पासून सिंगलडिस्पॅचमेथड आहे, पण ती पहिल्या आर्ग्युमेंटचा टाइप बघून मेथड निवडते. किलोही फ्लोट आणि क्विंटलही फ्लोट, मग ती काय ओळखणार? खरं तर इथे जावाचं ओव्हरलोडिंगही हात टेकतं: एकच डबल घेणारे दोन कन्स्ट्रक्टर तिथे कंपाइलच होत नाहीत.

२०२४-२५ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता. त्या भावाने २५ क्विंटलची पट्टी १,२२,३०० रुपयांची होते. तेच २५ किलो समजले गेले, तर शेतकऱ्याच्या हातात १,२२३ रुपयांचा कागद पडतो.