बटणाला घाबरणारे राष्ट्राध्यक्ष

१८९१ साली व्हाइट हाउसमध्ये वीज आली. राष्ट्राध्यक्ष बेंजामिन हॅरिसन आणि त्यांच्या पत्नी कॅरोलाइन मात्र बटणाला हातच लावेनात. शॉक बसला तर? दिवे लावणं-मालवणं नोकरांकडे. वायरिंगसाठी आलेला तरुण आइक हूव्हर तर तिथेच नोकरीला लागला, तो १९३३पर्यंत.

आपल्याला हसू येतं, पण ती भीती अगदीच खुळी नव्हती. बटण म्हणजे विजेच्या वाटेतली उघडझाप करणारी फट. आतले धातूचे तुकडे भिडले की दिवा लागतो, दूर झाले की विझतो. हळूहळू दूर झाले तर मधल्या हवेत ठिणगी तगून राहते, धातू जळतो, कधी आगही लागते. इंग्लंडच्या जॉन हेन्री होम्सने १८८४मध्ये स्प्रिंग बसवली: बोट कितीही रेंगाळलं तरी तुकडे झटक्यातच सुटणार. बटण दाबताना येणारा तो 'टक' आवाज त्या झटक्याचाच.