कागदावर ‘पालक’, घरात आई-बाबा



आमचं घर अन्नपूर्णा रोडच्या आतल्या गल्लीत. शेजारी एक मराठी ख्रिस्ती जोडपं राहायचं. आम्ही त्यांना काका-मावशीच म्हणायचो. नाताळात त्यांच्याकडून केक नि करंज्या यायच्या, दिवाळीत आमच्याकडून चकल्या जायच्या. 1986 मध्ये त्यांनी एका संस्थेतून चौदा महिन्यांची मुलगी घरी आणली. आमच्या आजीनं माळ्यावरचा पाळणा काढून दिला. चर्चमध्ये तिचं नाव ठेवलं, पेढे सगळ्या गल्लीत वाटले.

पण कोर्टाच्या कागदावर काका-मावशी तिचे आई-बाबा नव्हते, फक्त ‘पालक’ होते. शाळेच्या हिंदी फॉर्मवर ‘माता-पिता’ आणि ‘संरक्षक’ असे दोन रकाने असायचे. कुठला भरायचा, म्हणून मावशी दरवर्षी थबकायची.

असं का? तर 1956 चा दत्तक कायदा हिंदू, बौद्ध, जैन आणि शीख यांच्यापुरताच. ख्रिस्ती, मुसलमान, पारशी यांना इंग्रजांच्या काळातला 1890 चा पालकत्वाचा कायदा उरला. त्यात मूल सांभाळता येई, पण ते कायद्यानं आपलं होत नसे. वारसाहक्क नाही, मृत्युपत्र करूनच काही देता येई. आणि मूल 21 वर्षांचं झालं (1999 नंतर 18) की पालकत्वही संपलं! सर्व धर्मांसाठी दत्तक विधेयक 1972 मध्ये संसदेत आलं, 1978 मध्ये मागे घेतलं गेलं. 1980 ला पुन्हा आलं, तेही कायदा झालं नाही.

‘दत्तक’ शब्दाचं दुःख आपल्या इंदूरला नवं नाही. झाशीच्या गंगाधररावांनी 1853 मध्ये मृत्यूच्या आदल्या दिवशी दामोदररावांना रीतसर दत्तक घेतलं, तरी कंपनी सरकारनं गादीचा वारस मानलं नाही. राणीसाहेबांच्या मागे दामोदरराव इंदुरात पेन्शनवर राहिले आणि 1906 मध्ये इथेच वारले. आजी ही गोष्ट सांगून म्हणायची, “घरानं आपलं म्हटलं तरी सरकारनं म्हणावं लागतं गं.”

वाट मोकळी झाली ती हळूहळू. 2000 च्या सुमारास मुंबई हायकोर्टात न्यायमूर्ती रिबेलो यांच्यापुढे एका ख्रिस्ती जोडप्याचा अर्ज आला. कुटुंब आणि नाव मिळणं हा अनाथ मुलाच्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, असं म्हणून कोर्टानं दत्तकाची वाट मोकळी केली. म्हणजे प्रश्न आई-बापांच्या धर्माचा नाही, मुलाच्या हक्काचा, हे कोर्टानं मानलं. पुढे बाल न्याय कायद्यात 2006 ला दुरुस्ती झाली. दत्तक मूल सर्व हक्कांसह त्या आई-वडिलांचं, असं स्पष्ट लिहिलं गेलं. 2014 मध्ये सुप्रीम कोर्टानंही सांगितलं, की या कायद्यानं कुठल्याही धर्माच्या माणसाला दत्तक घेता येतं.

पण 2006 ला आमच्या शेजारची मुलगी 21 वर्षांची होती. कायदा आला, तिच्यासाठी उशिरा आला. काकांनी तोवर मृत्युपत्र करून ठेवलं होतं. ते गेले तेव्हा तीच खांदा द्यायला पुढे झाली. कोणी कागद विचारला नाही.

आता तीच चाळिशीची आहे. तिनं आणि नवऱ्यानं दत्तकासाठी सरकारी पोर्टलवर नाव नोंदवलंय. समाजसेविका घरी येऊन, माणसं बघून, मावशीशीही बोलून गेली. मूल सुचवलं गेलं की आधी सांभाळायला मिळेल, मग आदेश निघेल. तो 2022 पासून कोर्टाऐवजी कलेक्टर देतात. वाट बघणं लांबचं आहे, हे दोघांना माहीत आहे. पण या खेपेला कागदावर ‘आई-वडील’ लिहिलेलं असेल.

आजीचा पाळणा मावशीकडेच राहिला होता. परवा गेले तर ओसरीत काढून ठेवलेला, एका दांडीला नवी दोरी बांधलेली. मावशी म्हणाली, “अजून कसलाच पत्ता नाही गं, पण दोरी जुनी झाली होती.”