पूर थांबत नाही, रांग थांबवते : ‘गरुड’ची गोष्ट

भामरागड माहितीये ना? गडचिरोली जिल्ह्याचं पार टोक. तिथं पर्लकोटा, पामुलगौतम आणि इंद्रावती या नद्या भेटतात. पावसाळ्यात पर्लकोटा पुलावर चढली की पलीकडचा संपर्क तुटतो, हे वर्षानुवर्षं चालत आलंय. पाणी कुठवर पसरलंय हे वरून बघावं, तर आभाळ ढगांनी भरलेलं. ढगांच्या आरपार बघतं ते रडार. पण रडारच्या माहितीतून नकाशा काढायला गणित लागतं, तेही प्रचंड आणि झटपट.

असे संगणक देशात होते. १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक सुरू झालं. १९९१ मध्ये विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली ‘परम ८०००’ तयार झाला. पुढे शहरोशहरी मोठे संगणक आले. मग अडलं कुठं? रांगेत!

समजा, चंद्रपूरच्या बँकेत रांग दारापर्यंत आलीये आणि बल्लारपूरच्या शाखेत खिडकी रिकामी आहे. तुम्हाला ते कळणार कसं? मोठ्या संगणकाचंही तसंच असतं. आलेलं काम कधी आणि किती प्रोसेसरवर चालवायचं, हे तिथला ‘शेड्यूलर’ ठरवतो. कुठं टॉर्क, कुठं लोडलेव्हलर. प्रत्येकाची भाषा वेगळी, आणि शेजारी काय चाललंय याचा पत्ता नाही.

सी-डॅकच्या ‘गरुड’ ग्रिडनं १७ शहरांतल्या ४५ संस्था जोडल्या आणि या सगळ्यांवर ‘ग्रिडवे’ नावाचा मेटाशेड्यूलर बसवला. त्यानं स्थानिक शेड्यूलरची खुर्ची काढून घेतली नाही बरं का! तो फक्त विचारतो, जागा कुठं आहे? मग तिथल्या भाषेत काम सोपवतो. काम फार वेळ अडकलं, तर ते दुसरीकडे हलवतो. मात्र एक पेच राहतोच. रडारची माहिती अवजड असते. लांबच्या रिकाम्या संगणकावर ती पाठवण्यातच वेळ गेला, तर जवळची छोटी रांग परवडते.

इस्रोच्या अहमदाबाद केंद्रासोबत ‘गरुड’वर रडारवरून पुराचा नकाशा काढायचं काम हाती घेतलं गेलं, ते यासाठीच.

म्हणून मंडळी, संगणक किती वेगवान आहे एवढंच विचारू नका. आपला नंबर कधी लागणार, तेही विचारा. पाणी ओसरल्यावर आलेला नकाशा बोटवाल्याच्या काय कामाचा?

भेटू पुढच्या भागात!