पैशाची अनामत, माहितीची अमानत

घर भाड्याने घेताना किंवा निवडणुकीला उभे राहताना आपण 'अनामत' भरतो. हा शब्द अरबीतल्या 'अमानत'चाच मराठी अवतार. उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवणाऱ्याला अशा शब्दांचा मोह पडतोच. पण मुद्दा भाषेचा नाही. बँकेकडे आपण पैशाबरोबर आपली माहितीही ठेवतो. ती अमानत आहे, हे कायद्याने कधी मान्य केले?

इंग्लंडमध्ये १९२४ साली. टूर्नियर नावाच्या खातेदाराचा व्यवहार सट्टेवाल्याशी आहे, हे बँकेच्या मॅनेजरने त्याच्या मालकाला सांगून टाकले. बिचाऱ्याची नोकरी गेली. खातेदाराची गोष्ट बाहेर न सांगणे हे बँकेचे कर्तव्यच आहे, असा निर्णय तिथल्या अपील न्यायालयाने दिला. आपल्याकडे नोव्हेंबर २००४ मध्ये, कॅनरा बँकेच्या खटल्यात, सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की कागद बँकेच्या ताब्यात गेले म्हणून माणसाचा खासगीपणाचा हक्क संपत नाही.

त्यानंतर पाचच महिन्यांनी पुण्यात प्रकरण उघडकीस आले. एम्फसिस कंपनीच्या कॉल सेंटरमध्ये सिटी बँकेच्या अमेरिकन ग्राहकांचे फोन घेतले जात. तिथल्या माजी कर्मचाऱ्यांनी आणि त्यांच्या साथीदारांनी ग्राहकांकडून गोड बोलून पिन काढून घेतले आणि सुमारे साडेतीन लाख डॉलर पुण्यातल्या खोट्या खात्यांत वळवले, असा आरोप होता. एप्रिल २००५ मध्ये अटका झाल्या. कुणी कुलूप तोडले नव्हते. ग्राहकाने विश्वासाने किल्ली हातात दिली होती.

अशा प्रकरणांनी सरकारला जाग आली, पण सावकाश. डिसेंबर २००८ मध्ये, मुंबईवरच्या हल्ल्यानंतर महिन्याभरात, माहिती तंत्रज्ञान कायद्यातली दुरुस्ती संसदेत फारशी चर्चा न होता मंजूर झाली. ती २७ ऑक्टोबर २००९ पासून लागू झाली. कलम ४३-अ प्रमाणे कंपनीच्या हलगर्जीपणामुळे ग्राहकाचे नुकसान झाले तर कंपनीने भरपाई द्यायची. कलम ७२-अ प्रमाणे करार मोडून माहिती फोडणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद.

२०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याचे कौतुक बरेच झाले. कंपनीला अडीचशे कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो, हे खरेच. पण याच कायद्याने ४३-अ हे भरपाईचे कलम वगळण्याची तरतूद केली आहे. दंडाचा पैसा जाणार भारताच्या एकत्रित निधीत. शिष्यवृत्तीच्या अर्जासाठी आधार आणि पासबुकाच्या झेरॉक्स घेऊन आमच्या नाचणगावहून पुलगावला जाणाऱ्या आईचे खाते उद्या अशाच कुणाच्या बेफिकिरीने रिकामे झाले, तर तिच्या भरपाईची सोय या नव्या कायद्यात नाही. संसदेत यावर किती जण बोलले, हे आपल्या खासदारांना विचारायला हवे.